दारची जास्वंद आणि कपड्यांची तार

१३ फेब्रुवारी २०२४ ला माघी गणेश जयंती होती आणि त्या दिवशी काकूंना जास्वंदीची फुलं बाजारातून विकत आणावी लागली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. फोनवर त्यांनी आधी हे सांगितलं, मग फुलांना किती रुपये पडले ते, आणि मग झाडाचं. "शेंडे सगळे मुठीसारखे मिटलेत रे. कळी धरतच नाही. नर्सरीवाला म्हणतो व्हायरस आहे, काढून टाका."

मी नाशिकचा. आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे, शहरात मी लोकांच्या घरच्या बागा बघतो. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात झाडाच्या रोगापेक्षा आम्ही सगळ्यांनी मिळून केलेल्या चुका जास्त आहेत, आणि त्यातली एक ठळक चूक माझी आहे.

झाड आणि त्याची जागा

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला जुन्या बंगल्यांची कॉलनी आहे. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला ही जास्वंद. गावठी लाल, एकेरी, पाच पाकळ्यांची. उंची आठ-नऊ फूट, बुंधा मनगटापेक्षा जाड. २०१० च्या पावसाळ्यात काकूंनी माहेरच्या झाडाची फांदी आणून खोचली, ती ही. या लाल जास्वंदीला बी सहसा धरत नाही. त्यामुळे दारोदारची प्रत्येक लाल जास्वंद कुणाच्या तरी झाडाची फांदीच असते, आणि म्हणूनच "काढून टाका आणि चारशेचं नवीन लावा" हा सल्ला काकूंच्या घशाखाली उतरत नव्हता. आईच्या दारचं झाड होतं ते.

सकाळी अकरापर्यंत भरपूर ऊन, नंतर घराची सावली. जमिनीत लावलेलं, निचरा चांगला. भर मोसमात रोज पंधरा-वीस फुलं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. म्हणजे रोज पंधरा फुलं हवी असतील तर झाडाला वाढत्या शेंड्यांवर रोज नव्या पंधरा कळ्या आणाव्या लागतात. फूल नव्या फुटीवर येतं. हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं: शेंडा अडला की फूल अडलं.

मी पोचायच्या आधी

डिसेंबरात ओटा चिकट व्हायला लागला. झाडाखालची फरशी पुसली तरी दुसऱ्या दिवशी चपला चिकटायच्या. मग त्यावर काळा थर धरला, खालची पानं काजळी फासल्यासारखी झाली. काकूंनी तो रस्त्यावरचा धूर समजला. जानेवारीत शेंडे आकसले. शेजारच्यांनी सांगितलं, झाड भुकेलं आहे, युरिया घाला. दर पंधरा दिवसांनी मूठभर, असा तीनदा घातला. झाड हिरवंगार झालं, लुसलुशीत फूट आली, आणि तीही आकसली.

मग भांड्याचा साबण. बादलीत अंदाजाने अर्धी वाटी, चांगला फेस काढून, भर दुपारी बारा वाजता फवारला. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. शेजारी कुंडीत एक पिवळी दुहेरी संकरित जास्वंद होती, तिची तर जवळजवळ सगळी पानं गळली. ती पुढे वाचली नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा येणाऱ्या माळ्याने एका बाजूच्या फांद्या छाटल्या आणि छाटलेल्याचा ढीग कुंपणाच्या कडेला, भेंडीच्या वाफ्याजवळ, "वाळला की उचलतो" म्हणून ठेवला. तो ढीग मी गेलो तेव्हा तिथेच होता.

शेंडा उलगडून

मी २ मार्चला, शनिवारी सकाळी गेलो. नर्सरीवाल्याला मी अगदीच चुकीचं ठरवणार नाही, कारण लांबून पाहिलं तर विषाणूचाच संशय येतो. कापसावर पानं मुरडणारा विषाणू असतो, तो पांढरी माशी पसरवते आणि तो जास्वंदीवरही येतो. पण त्यात पानाच्या शिरा जाड होतात, पानामागे त्या उठून दिसतात आणि शेंडा उलगडला तर आत काही सापडत नाही.

इथे एक शेंडा मोडून घेतला आणि नखाने एकेक पान सोलत गेलो, जशी आपण पत्ताकोबी सोलतो तशी. पानं जाड, ठिसूळ, सुरकुतलेली. पेरं इतकी आखडलेली की सहा पानं एका इंचात. तिसऱ्या पानाच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी लोकर दिसली. भिंग लावलं. लोकरीत गुलाबीसर अंड्यांचा पुंजका, आणि बाजूला पिठात घोळल्यासारखी एक मऊ, लांबट कीड. तिला बोटाने चिरडलं तर बोटाला लालसर-गुलाबी डाग पडला. काकू म्हणाल्या, "अगोबाई, रक्त?"

तो डाग म्हणजे ओळखच. हा गुलाबी पिठ्या ढेकूण, शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. आमच्याकडे द्राक्षवाले याला आणि याच्या भाऊबंदांना सरसकट मिलीबग म्हणतात. घड पक्व होताना हा आत शिरला की मणी चिकट होतात आणि व्यापारी त्या घडाकडे बघतही नाही. माझं बालपण वडिलांच्या मागे वेलीच्या खोडाची सुटी साल सोलण्यात गेलं आहे, कारण हा सालीखाली लपतो. जास्वंद हे तर त्याचं आवडतं बिऱ्हाड. जगात त्याला ओळखलं जातं तेच जास्वंदीवरचा गुलाबी पिठ्या ढेकूण म्हणून. १९९४ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर सापडला आणि तिथून शेजारच्या बेटांवर पसरला, तेव्हा तिथल्या लोकांच्या कुंपणाच्या जास्वंदी गेल्या.

शेंडा आकसतो त्याचं कारण किडीची लाळ. रस शोषताना ती झाडात जाते, वाढत्या कोवळ्या भागाला ती विषासारखी बाधते आणि पेराची लांबी थांबते. म्हणजे रोग झाडभर नसतो, जिथे कीड तिथेच असतो. त्याच फांदीवर वीतभर खाली निरोगी डोळे, म्हणजे नवी फूट निघायच्या जागा, होत्या. काकूंना मी तेच दाखवलं: "व्हायरस असता तर हे डोळेही वेडेवाकडे फुटले असते."

चिकट ओट्याचं कोडंही इथेच सुटतं. रसात साखर जास्त आणि नत्रयुक्त अन्न कमी. कीड पोटापुरतं नत्र काढून घेते आणि जादा साखरेचं पाणी मागून टाकून देते. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, तीच काजळी. आणि युरियाने, म्हणजे नत्राच्या खताने, काय केलं असेल तेही यावरून कळतं: ज्या गोष्टीची किडीला चणचण असते तीच आपण मूठभर वाढून दिली.

बुंध्याकडे पाहिलं तर काळ्या मुंग्यांची रांग, वर जाणारी आणि खाली येणारी. खाली येणाऱ्यांची पोटं फुगलेली. मुंग्या चिकट्यासाठी या किडीची राखण करतात, तिला खाणारे किडे जवळ फिरकू देत नाहीत. त्यामुळे काकूंना पहिल्या दिवशी सांगितलं की आपलं भांडण आधी मुंग्यांशी आहे. त्यांना ते पटलं नाही. दिसत होता कापूस, आणि मी बोलत होतो मुंग्यांबद्दल.

काय करायचं नाही, हे आधी ठरलं

द्राक्षबागेत आम्ही मुळाशी आंतरप्रवाही कीटकनाशकाचं पाणी सोडतो. ते झाडात भिनतं आणि रस शोषणारी कीड मरते. काकांनी तेच सुचवलं, त्यांच्या ओळखीत एका बागायतदाराकडे बाटली होती. मी नको म्हटलं. ही फुलं रोज देवाला वाहिली जातात आणि मग निर्माल्यातली काही काकूंच्या तेलाच्या कढईत पडतात. जास्वंदीचं तेल त्या स्वतः करतात, नातींना पाठवतात. शिवाय या झाडावर शिंजीर येतो, जांभळा, इवलासा, फुलाच्या बुडाशी चोच घालून मध पिणारा. झाडात भिनलेलं औषध मधातही उतरतं.

दुसरा प्रश्न छाटणीचा. पूर्ण झाड गुडघ्यापर्यंत छाटलं असतं तर कीड एका दिवसात नव्वद टक्के गेली असती. पण मार्च होता. नाशिकचं एप्रिलचं ऊन चाळिशीला टेकतं, उघड्या पडलेल्या जुन्या सालीला ते भाजून काढतं, आणि साबणाने आधीच पानं करपलेल्या झाडाकडे साठा किती उरला असेल याची मला खात्री नव्हती. म्हणून मोठी छाटणी जूनवर ढकलली. फक्त आकसलेले शेंडे काढायचे, गाठीच्या खाली चार बोटं सोडून, निरोगी डोळ्याच्या वर.

पहिली फेरी

शेंडा कापायच्या आधी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढायची आणि पिशवीतच कापायचा. एरवी हिसक्याने पिल्लं खाली पडतात आणि पुन्हा वर चढतात. या किडीची नुकती जन्मलेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण चालतात चांगली. वाऱ्याने, हाताने, कपड्याने कुठेही जातात. भरलेल्या पिशव्या गाठ मारून गच्चीवर उन्हात ठेवल्या, आठ दिवसांनी फेकल्या.

कुंपणाकडचा ढीगही असाच भरला. भेंडीची दोन झाडं आधीच लागली होती. भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद हे सगळे एकाच कुळातले, त्यामुळे तो ढीग म्हणजे किडीला शेजारच्या घरी सोडून येणारी गाडी होती. भेंडी उपटली. काकू हळहळल्या, कोवळ्या भेंड्या लागलेल्या होत्या.

बुंध्याला जुन्या काठीचा आधार होता आणि सुतळी बांधलेली. ती सोडली तर सुतळीखाली ओळीने पांढऱ्या पिशव्या, अंड्यांनी भरलेल्या. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या दातांच्या ब्रशने बुंधा आणि सगळ्या बेचक्या घासल्या. या कामाला दोन तास गेले आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा याच दोन तासांचा झाला.

फवारणी संध्याकाळी सहानंतर. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता, म्हणजे १ मिली, सौम्य द्रव साबण. काकूंच्या अर्ध्या वाटीच्या मानाने हे काहीच नाही. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट पाहिली, पान करपलं नाही तेव्हा पूर्ण झाडाला मारलं. किडीच्या अंगावर मेण असतं, पाणी त्यावरून ओघळून जातं. साबण ते मेण भिजवतो म्हणून घालायचा, फेसासाठी नाही. पण अंड्यांच्या लोकरीत हेही नीट शिरत नाही. अंडी सहा ते नऊ दिवसांत फुटतात, म्हणून दर आठ दिवसांनी अशा तीन फवारण्या: आज वाचलेली अंडी पुढच्या खेपेला पिल्लं होऊन सापडतात. एक मादी दीडशेपासून सहाशेपर्यंत अंडी घालते आणि उष्ण हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते, तेव्हा एक खेप चुकवणं परवडत नाही.

आणि मुंग्या. बुंध्याला पॅकिंगची चिकटपट्टी उलटी-सुलटी गुंडाळून तिच्यावर ग्रीसचा पट्टा दिला. ग्रीस थेट सालीला लावायचं नाही, साल खराब होते. पायरीजवळच्या वारुळाशी बाटलीच्या झाकणात औषध ठेवलं: कपभर गुळाच्या पाण्यात अर्धा चहाचा चमचा बोरिक पावडर. कमी घालायची, म्हणजे मुंगी जागेवर न मरता ते घरी घेऊन जाते. घरात लहान मूल किंवा कुत्रं नव्हतं म्हणून हे केलं.

युरिया बंद. पाणी आठवड्यातून दोनदा, पण भरपूर.

एप्रिलमध्ये माझी चूक

२५ मार्चपर्यंत नवी फूट आली, सरळ, चकचकीत, लांब पेरांची. मी खूश होतो, फोटो पण काढले. ६ एप्रिलला काकूंचा फोन: वरचे शेंडे पुन्हा मिटायला लागले. खालचे ठीक होते. फक्त वरचे.

गेलो. ग्रीसचा पट्टा शाबूत, एकही मुंगी तो ओलांडत नव्हती. तरी वर मुंग्या होत्याच. मी शिडी लावून वर डोकं घातलं आणि तिथेच उभा राहिलो. सहा फुटांवर, पानांच्या दाटीत, बुंध्याला कपडे वाळत घालायची तार बांधलेली होती. काकांनी कधीतरी बांधलेली, प्लॅस्टिकचं आवरण असलेली, दुसरं टोक गॅलरीच्या कठड्याला. त्या तारेवरून मुंग्या एकामागोमाग एक येत होत्या, मध्ये वाळत घातलेल्या टॉवेलला वळसा घालून.

महिनाभर मी त्या झाडाभोवती फिरलो होतो. त्या तारेखालून वाकून जात होतो. एकदा तर तिच्यावर माझी पिशवी अडकवली होती. मुंग्यांना बुंधा हाच पूल असतो असं धरून चाललो, कारण द्राक्षाच्या खोडाशी आपण तसंच काम करतो. खरं तर बागेतसुद्धा वेल तारांवर असतो आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत मुंगीला राजरस्ता असतो. हे मला माहीत असायला हवं होतं.

तार सोडली. तारेच्या पिळाखाली पुन्हा त्याच पांढऱ्या पिशव्या, मी घासलेल्या सगळ्या जागा सोडून नेमकी हीच राहिलेली. भिंतीला टेकणाऱ्या दोन फांद्याही छाटल्या, तोही पूलच. मग पुन्हा पिशव्या, पुन्हा ब्रश, पुन्हा तीन फवारण्या. या खेपेला ऊन कडक होतं म्हणून तेल कमी करून लिटरला ३ मिली घेतलं आणि सूर्य मावळल्यावरच फवारलं.

मे महिन्यात झाडावर मुंगी दिसली नाही. काजळी आपोआप सुकून पापुद्र्यासारखी गळायला लागली. तिला वेगळं औषध लागत नाही, चिकटा थांबला की तिचं अन्न संपतं. २५ जूनला अंगारकी होती. त्या सकाळी झाडावर चार फुलं होती. काकूंनी फोटो पाठवला, त्यात गणपतीपेक्षा फुलंच जास्त स्पष्ट होती.

"मोठे ढेकूण"

दोन चांगले पाऊस झाल्यावर जूनच्या शेवटी ठरलेली छाटणी केली, झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग आणि आतली सगळी दाटी. आळ्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. हे सगळीकडे करतात तसंच.

ऑगस्टमध्ये काकूंचा घाबरा फोन. "पूर्वीपेक्षा मोठे आलेत रे. लांब लांब पांढऱ्या झिपऱ्या आहेत त्यांना. दहा-बारा तर मी ब्रशने काढून साबणाच्या पाण्यात टाकले." मी निघालोच होतो, फवारणीचा पंप घेऊन.

पाहिलं तर ते अर्ध्या इंचाच्या आसपासचे, अंगावर मेणाचे जाड दोरे, आणि झपाझप चालणारे. मोठ्या झालेल्या पिठ्या ढेकणाला अशी घाई नसते, तो एकदा जागा धरली की फारसा हलत नाही. एक मी पाहत असतानाच पांढऱ्या लोकरीत तोंड खुपसून अंडी खात होता. शंका आली म्हणून दोन अळ्या फांदीच्या तुकड्यासकट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, आणि पंप तसाच गाडीत परत ठेवला.

बारा-तेरा दिवसांनी बरणीत एक छोटा गोल भुंगेरा फिरत होता. पाठ काळी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. क्रिप्टोलेमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणलेला, आणि आज द्राक्षवाले मिलीबगसाठी मुद्दाम विकत घेऊन सोडतात तोच. नाशिकच्या आसपास बागा इतक्या आहेत की तो उडत इथवर आला यात नवल नाही. त्याची अळी भक्ष्यासारखाच पांढरा वेश करून फिरते, मुंग्यासुद्धा फसतात म्हणतात. काकू फसल्या तर काय.

मुंग्या हटल्यावरच तो टिकला, असं माझं मत आहे. याला पुरावा माझ्याकडे इतकाच की मार्चमध्ये, झाड किडीने भरलेलं असताना, म्हणजे त्याला मेजवानी असताना, एकही अळी नव्हती.

त्यानंतर झाडावर एकही फवारणी झालेली नाही. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थीच्या सकाळी काकूंनी एकवीस फुलं मोजून घेतली आणि तरी वर उरली होती.

१ फेब्रुवारी २०२५, माघी. थंडीत फुलं कमी असतात, त्या दिवशी नऊ निघाली. फाटकाजवळच्या खालच्या फांदीवर दोन शेंडे पुन्हा आकसलेले होते. मी कात्री काढली तर काकूंनी हात धरला. "राहू दे. त्या भुंगेऱ्यांनी खायचं काय मग?" शेंडा उलगडून पाहिला, आत एक झिपरी अळी होती. कात्री खिशात घातली.

तार आता गॅलरीच्या कठड्यापासून भिंतीत ठोकलेल्या खिळ्यापर्यंत आहे. अंतर वाढल्यामुळे चादरी वाळत घातल्या की ती मधोमध झोळ खाते, चादरीचं टोक जमिनीला लागतं, आणि काका रोज एकदा तरी मला नावं ठेवतात.